मोरेहला शब्द दिलेला माणूस

विलास गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी नुसतं "बरं" म्हणालो. दोन वर्षांच्या त्याच्या आजारपणानं आम्हा सगळ्यांनाच थकवलं होतं. आता महिना होत आला... तो "बरं" अजून खुपतो.

कोल्हापुरातल्या एकाच कॉलेजात आम्ही अर्थशास्त्र शिकवलं. तो आजऱ्याचा, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच. अभ्यासाचा विषय मात्र मणिपूरमधलं, म्यानमारच्या हद्दीवरचं मोरेह. एकदा मलाही घेऊन गेला. सरहद्दीच्या फाटकातून पलीकडच्या बाया सकाळी भाजी, सुपारी घेऊन यायच्या आणि संध्याकाळी इकडची औषधं, चादरी घेऊन परतायच्या. फाटकाजवळ सेल्वी नावाच्या तमिळ बाईचं चहाचं दुकान होतं. आग्नेय आशियाकडचा महामार्ग इथूनच जाणार, देशाचं धोरणच तसं आहे, असं विलासनं तिला भरभरून सांगितलं. "दुकान वाढवा," म्हणाला. पुढच्या वर्षी तिनं खरंच मागची भिंत पाडून आणखी एक खोली काढली.

आधी कोरोनाच्या साथीत फाटक बंद झालं. मग पलीकडे लष्करानं सत्ता घेतली, मग इकडे मणिपुरात दंगली पेटल्या... सेल्वीच्या नव्या खोलीतली बाकं रिकामीच राहिली. दिल्लीतल्या एका चर्चासत्रात विलासला बोलावलं होतं. परत आला तो दमलेला. "सगळी मोरेहला देशाचं दार म्हणत्यात. दारात माणसं राहत्यात, त्येंचं काय, एवढंच इचारलं. तर चहाची सुट्टी झाली बघ."

"धोरण काय तू ठरवलं नव्हतंस," मी म्हणालो.

"व्हय. पण भिंत माझ्या शब्दावर पाडली की रे तिनं."

त्यानंतर त्यानं लेख लिहिणं सोडलं. दर रविवारी सकाळी सेल्वीला फोन करणं तेवढं सोडलं नाही. आजारपणातही नाही.

गेल्या रविवारी मी त्याच्या घरी होतो. त्याचा मोबाइल वाजला. इतके दिवस फोन नाही म्हणून सेल्वीनंच केला होता. वहिनी कधी मोरेहला गेलेल्या नाहीत, हिंदीही जेमतेम. "सर नहीं रहे," त्या म्हणाल्या. पलीकडचं रडणं मला बसल्या जागी ऐकू आलं. वहिनींनी ते ओसरू दिलं. मग विलासच्या खुर्चीत बसल्या आणि विचारलं, "फाटक खुला क्या?"

उत्तर ऐकून माझ्याकडे बघत त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"रहने दो," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "अगले रविवार को मैं फोन करती."