तेवीस वर्षांचं म्हातारपण

प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदाचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. सोलापुरातल्या एका हॉस्पिटलात मेंदूच्या एमआरआयची फेलोशिप करायला लागून मला जेमतेम महिना झाला होता. तिथली रीत अशी, की आम्ही शिकाऊ डॉक्टरांनी कुणाचातरी जुना रिपोर्ट उघडायचा, नाव-वय तेवढं बदलायचं आणि विभागप्रमुख सरांनी न बघता सही ठोकायची. एका दुपारी होटगीचा एक माणूस बायकोचा रिपोर्ट घेऊन परत आला. ती दहा दिवसांची बाळंतीण, डोकेदुखीनं बाहेर बाकावर कण्हत होती. "सायेब, म्हातारपणानं मेंदू आकसलाय असं ह्यात लिवलंय म्हनं, गुरुजींनी वाचून सांगितलं. तेवीस वर्साची हाय की ती!" सर खेकसले, "डॉक्टर तू आहेस की मी? बाहेर बस!" मी तिचा एमआरआय उघडून पहिल्यांदाच नीट पाहिला, तर मेंदूतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी ढळढळीत दिसत होती. सरांना दाखवली, तर म्हणाले, "नवा काढून दे, आणि जुना आधी काढून घे त्याच्याकडून." उपचार लगेच सुरू झाले, ती वाचली. घरी जाताना त्यानं मला हात जोडले, "तुमी व्हता म्हनून वाचली, न्हायतर त्या सायबानं मारलीच व्हती." सरांचा राग मला आजही येतो. पण तो जुना रिपोर्ट मीच टाइप केला होता, आणि हे त्या माणसाला सांगायला माझं तोंड उघडलं नाही.