ब्रेकबाई आणि पांढरा दिवा

माझ्या थोरल्या नणंदेला अख्खं शहर ‘ब्रेकबाई’ म्हणतं. ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. त्यावर गेली अठरा वर्षं वन्संचा पाय आहे. आधी त्या एका वाहतूक कंपनीत टायपिस्ट होत्या. नवऱ्याची नजर अधू झाली, दारातली गाडी गंजायला लागली, तेव्हा छत्तिसाव्या वर्षी त्यांनी स्टिअरिंग हातात घेतलं आणि चाळिशीत ते दुसऱ्यांच्या हातात द्यायला लागल्या. अठरा वर्षांत त्यांच्या एकाही विद्यार्थ्याच्या हातून कुणाला खरचटलेलंसुद्धा नाही. हे त्या सांगत नाहीत. मी सांगते, कुणी विचारायच्या आधीच.

घरात त्या वन्सं, गाडीत मात्र ‘बाई’. “नातं डिकीत ठेवायचं,” हा पहिला धडा. दुसरा, दिसेल ते मोठ्यानं बोलायचं. “डोळ्यांनी पाहिलेलं जिभेवर आलं नाही, तर पायापर्यंत कधी पोचणार?” हे बोलणं त्यांचा फोन रेकॉर्ड करतो. घरी ऐकलं की काय पाहायचं राहिलं ते कळतं. पन्नाशीत शिकायला बसलेल्या मला हा पोरखेळच वाटायचा.

त्या सकाळी फोन चालू करून बाईंनी नेहमीसारखं खाली वाकून एकेक टायर तपासलं. मग मी गाडी काढली आणि बोलायला सुरुवात केली. “पुढे पांढरी गाडी. आत दोघं. हळू झाली. आता पळाली. परत हळू. रस्ता तर मोकळा आहे!”

“मग काय करायचं?”

“अंतर वाढवायचं.”

“वाढव. बिनकामाचे नखरे करणाऱ्याच्या जवळ जाऊ नये.”

पांढरी गाडी करकचून थांबली. मीही थांबले, बाईंचा पाय हलायच्या आत. मध्ये एक गाडी मावेल एवढी जागा. स्वतःची पाठ थोपटणार, तोच माझ्या तोंडून निघालं, “बाई, पांढरा दिवा! मागे येतेय!” बाईंनी हॉर्न दाबून धरला. तरी धाड!

दोघं मान धरून उतरले. फुटपाथवरून आणखी दोघं आले आणि तेही कण्हायला लागले. म्हणे मागच्या सीटवर होते. पाठोपाठ साक्षीदारही हजर. “मी पाहिलं, नवशिक्या बाईनं मागून ठोकलं.”

घरात कुणाच्याही हातून भांडं पडलं तरी माफी मीच मागते. ‘माफ करा’ ओठांवर आलंच होतं. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. “एक शब्द नाही. चूक कुणाची ते रस्त्यावर ठरत नसतं.”

“मावशी, पोलीस कशाला? इथेच मिटवा,” त्यांच्यातला म्होरक्या गोड आवाजात म्हणाला. “चार जखमी. तक्रार झाली तर तुमचा शिकवायचा परवाना जाईल.”

ते खोटं नव्हतं. शिकाऊ गाडीनं कुणी जखमी झालं की चौकशी होईपर्यंत परवाना जमा, आणि दोष ठरला तर कायमचा रद्द. म्हणून तर मुद्दाम धडक घडवून पैसे उकळणारे हे लोक शिकाऊ पाटीची गाडी हेरतात. बाईंचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्या म्हणाल्या, “माझी एवढी काळजी? मग पोलीस आणि ॲम्ब्युलन्स दोन्ही बोलावते.” ॲम्ब्युलन्स म्हणताच एकाची मान आपोआप सरळ झाली.

गाड्या हलायच्या आत त्यांनी फोटो काढले: नंबर, रस्ता, चौघांचे चेहरे, पांढऱ्या गाडीची मागची काच. “आमच्या ओळखीचं गॅरेज आहे,” एक जण म्हणाला. “माझ्या गाडीचा डॉक्टर ठरलेला आहे,” म्हणत त्यांनी स्वतःच्या विमा कंपनीला फोन लावला.

परवाना जमा झाला. नऊ दिवस गाडी अंगणात उभी. वन्सं रोज ती पुसायच्या. दहाव्या दिवशी पोलीस ठाण्यात विम्याचे अधिकारी आले, समोर ती चौकडी.

“त्या दिवशीचं रेकॉर्डिंग सुरुवातीपासून लावते,” वन्सं फोन काढत म्हणाल्या.

मी त्यांची बाही ओढली. “वन्सं, पहिली दोन मिनिटं कापा ना!”

“कापलेल्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवेल?”

आणि माझा आवाज घुमला: “म्हातारी टायरची नाडी बघतेय की काय! अशानं निघेपर्यंत संध्याकाळ!” इन्स्पेक्टर उगाच खोकले. वन्संच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

“आत दोघं,” फोन म्हणाला. अधिकाऱ्यांनी मान वर केली. “दोघं? भरपाईच्या अर्जावर तर चौघं आहेत.” वन्संनी मागच्या काचेतून काढलेला फोटो पुढे सरकवला. मागची सीट आडवी पाडलेली, त्यावर दोन सुटी चाकं. मग फोनमधून आलं, “पांढरा दिवा! मागे येतेय!” हॉर्न. धाड.

“लाल दिवा थांबताना लागतो, पांढरा मागे येताना,” अधिकारी सावकाश म्हणाले. “तुम्ही तर नुसते थांबला होतात ना?”

मानेला पट्टा बांधलेला म्होरक्या गर्रकन मान वळवून दाराकडे बघायला लागला. मग इन्स्पेक्टरांना हसू आवरेना.

परवाना त्याच दुपारी परत मिळाला. बाहेर आल्यावर मी चाचरत म्हटलं, “वन्सं, ते म्हातारी वगैरे…”

“म्हातारीला ते ऐकूच आलं नाही. तिला एवढंच ऐकू आलं की पन्नाशीच्या बाईला वेळेवर पांढरा दिवा दिसला.” त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मी खाली वाकले आणि एकेक टायर नीट पाहिलं. सगळी ठीक होती. आत बसले तर त्या आधीच ब्रेकवर पाय ठेवून तयार.

“हं,” बाई म्हणाल्या, “बोलायला लाग.”