खलात कुटलेली कॅप्सूल

भावनगरच्या हीराकुंवरबेन साखरेतली मुंगीसुद्धा मोरपिसाने अलगद उचलून बाहेर सोडीत. सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटही त्यांनी जन्मात घेतला नव्हता. अशा बाईच्या हातून पोटच्या लेकीचे नुकसान व्हावे, हे दुर्दैवच म्हणावे लागेल.

लेक दर्शिका सासरहून परत आली होती. दूध गॅसवर ठेवून ती दुसऱ्या कामाला लागे आणि दूध विसरून जाई. एकदा स्वयंपाकघराचा पडदाही पेटला. "डोकं ठिकाणावर आलं की पाठवा. तोवर नात आमच्याकडेच राहील," असे विहीणबाईंनी बजावले होते.

हा लहानपणापासूनचा अवधानाचा विकार आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. रोज सकाळी एक कॅप्सूल घ्यायची. ती दिवसभर हळूहळू काम करते. शिवाय दर आठवड्याला येऊन कामे आखून करण्याच्या सवयी शिकायच्या.

औषधाचा दुकानदार ओळखीचा. तो सहज म्हणाला, "मासी, हे कवच जनावराच्या हाडांचं असतं हं!"

हीराकुंवरबेनच्या अंगावर काटा आला. त्यांनी कोणालाही विचारले नाही. रोज कवच उघडून आतले दाणे खडीसाखरेबरोबर खलात बारीक कुटून त्या लेकीला देऊ लागल्या. दिवसभराचे औषध एकदम अंगात भिनू लागले. सकाळी दर्शिकाची छाती धडधडे, हात कापत; दुपारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

"बा, मला नाही सोसत हे," ती आईला म्हणे.

"औषध आहे बेटा, पेढा नाही. सोसायचं."

एके दुपारी विहीणबाई अचानक आल्या. दर्शिकाने चहा ठेवला आणि मुलीसाठी शिवलेला फ्रॉक आणायला ती आत गेली. भांडे जळल्याचा वास सर्वांना आला, तिला आला नाही.

"औषध चालू आहे म्हणता ना? मग हा धूर कसला, औषधाचा?" विहीणबाई उठल्या. "आता आम्ही मुलाचं दुसरं बघतो."

फ्रॉक तिथेच राहिला.

डॉक्टरांनी ऐकून कपाळाला हात लावला. "कुटलंत? अहो मासी, बिनकवचाची गोळी मिळते. विचारायचं तरी!"

गोळ्या आणल्या. दर्शिकाने पाकीट उघडले नाही. सवयी शिकायला जाणेही सोडले. "आता कोणासाठी, बा?"

हीराकुंवरबेन हल्ली दुपारभर गॅसजवळ बसून असतात. दूध वर आले की हाक मारतात. दर्शिका येते, गॅस बंद करते, आणि दूध झाकायचे विसरून निघून जाते.