दोन डब्यांतली मेथी

सुमनआक्का मेथी पेरायच्या ती खायला नाही, बघायला. मुलुंडला आमच्या चाळीमागून डोंगरातला ओढा जातो. त्याच्या काठची माती एका डब्यात, गावाहून आणलेली दुसऱ्यात, आणि सकाळी दात घासत दोन्ही डब्यांसमोर उभ्या. कोणी चिडवलं, "आक्का, भाजी कधी?" तर म्हणायच्या, "तुझ्या बाराव्याक, रे." मी नवीन लग्न होऊन आलेले, मला वाटलं बाई जरा सटकलेली आहे.

मग माझी परी दीड वर्षाची असताना, मी कपडे वाळत घालत होते, वळून बघते तर काठची माती पोरीच्या तोंडात. मला काय सुचेना, मी नुसती रडायला लागले. आक्कांनी बोट घालून माती काढली. "रडतस कित्याक? आधी डागदराकडे चल." डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, लक्ष ठेवा.

येताना त्यांनी सांगितलं. काठावर गवत माजलेलं, साप निघाला, पोरं खेळतात म्हणून त्यांनीच तणनाशक आणून मारलं. दुकानवाला बोललेला, पंधरा दिवसांत जातं. पंप पण ओढ्यातच धुतला. मग त्यांनी लावलेलं अळू पिळवटलं आणि मेलं. त्याला तेव्हा दोन पावसाळे झाले होते. तेव्हापासून त्या मेथी पेरून बघायच्या, औषध मातीत असेल तोवर पानं मुडपतात म्हणून.

मी बोलले, "पण आक्का, गवत आलं ना परत? पाणी पण किती वाहून गेलं."

"पाणी जाता गो. गाळ खंय जातलो?"

त्यानंतर मी रोज विचारायचे, परीला खाली सोडू का. रोज तेच. "मेथी सरळ येऊ दे."

गेल्या शिमग्याला आक्का गेल्या. त्याआधी हॉस्पिटलात मी भेटायला गेले तर आवाज निघत नव्हता, तरी विचारलं, "सरळ इली?"

ओढ्याच्या डब्यातली पानं तेव्हा पण मुडपलेलीच होती. मी बोलले, "हो आक्का, सरळ आली."

"मगे सोड पोरीक," म्हणाल्या, आणि डोळे मिटून पडल्या, किती वर्षांनी टेकल्यासारख्या.

त्यांचा मुलगा खोली रिकामी करताना डबे फेकत होता, ते मी आणले. आता मी पेरते. दमले मी बघून बघून. आज पण गावच्या मातीतली सरळ, दुसरीची पानं गोळा झालेली.

परी दाराला लटकून उभी होती. "आई, आली?"

"येईल गं," बोलले, आणि कडी लावून घेतली.