चप्पल शोधणारा मॅनेजर

परकारभाई मॅच चालू असताना बॉलकडे बघायचेच नाहीत. फुटबॉलच्या टीमचा मॅनेजर, आणि बॉलकडे बघत नाही, म्हणजे काय? सगळं मैदान माना इकडून तिकडे फिरवतंय, आणि हा माणूस लाईनीपाशी खांद्यावर टॉवेल टाकून उभा. नजर खाली, पोरांच्या पायांवर. गोल झाला तरी तो त्यांना ओरड्यावरून कळायचा. मग मागे वळून विचारायचे, "झाला काय? कुणी मारला?" आणि आमची माणसं पोट धरून हसायची.

आमची माणसं म्हणजे बहारीनमधली कोकणातली माणसं. खेड, चिपळूण, गुहागर, मंडणगड. आठवडाभर कुणी एसीचे डक्ट बसवतो, कुणी गाडी चालवतो, कुणी दुकानात उभा असतो. थंडी पडली की शुक्रवारी संध्याकाळी सनद भागाच्या मागच्या मातीच्या मैदानावर क्लबची मॅच. कधी केरळवाल्यांशी, कधी गोवेकरांशी, कधी नेपाळ्यांशी. परकारभाई खेड तालुक्यातले, एका हार्डवेअरवाल्याकडे स्टोअरकीपर. मॅनेजर कसे झाले? पाण्याचे कॅन, बर्फ, मैदानाचं बुकिंग ही हमाली दुसऱ्या कुणाला नको होती, म्हणून झाले. पण एकदा मॅनेजर म्हटलं की लोक फक्त हरल्याचा हिशेब मागतात.

आणि आमच्याकडे हिशेब मागायची रीतसुद्धा गावची. गणपतीत आमच्याकडे जाखडी नाचतात. एका मंडळाचा शाहीर दुसऱ्याला गाण्यातून सवाल टाकतो, आणि दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब मान्य असेल तर सवाल टाकणारा ढोलकीवर थाप मारतो. जवाब दिलाच नाही, तर सवाल अंगावर राहतो. वर्षानुवर्षं राहतो. आमच्या गावात आजोबांच्या अंगावरचे सवाल नातवांना ऐकवणारे लोक आहेत.

मैदानावर ही ढोलकी तांबेसाहेबांची. गळा गोड, जीभ त्याहून धारदार. परकारभाईंवर त्यांनी पहिला सवाल टाकला तो असा:

"बॉल पळे पुढे पुढे, याचे डोळे खाली हो,
सांगा सांगा परकारभाई, चप्पल का हरवली हो?"

पन्नास माणसांनी ओळ उचलली. परकारभाई वळले, दोन्ही हात जोडून हसले, आणि पुन्हा पायांकडे बघायला लागले. त्या दिवसापासून मॅचला येणारं प्रत्येक पोर त्यांना विचारायचं, "परकारभाई, मिळाली काय चप्पल?" ते म्हणायचे, "शोधतंय बाबा, शोधतंय. इंशाल्ला मिळंल."

चप्पल एक वेळ चालली असती. लोकांचा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. आमचा सगळ्यात चांगला खेळाडू, जो गोल मारायचा, त्यालाच परकारभाई सेकंड हाफमध्ये बाहेर काढायचे. टीम जिंकत असो, हरत असो, हात वर करायचे आणि म्हणायचे, "यल्ला, चल रे, आता घरी." घर म्हणजे बाकडं. तो खेळाडू म्हणजे माझा नवरा, संदेश.

सगळं बाकडं त्यांना शिव्या घालत असायचं, आणि मी त्या वेळी मनात देवाचे आभार मानायचे. कारण मला माहीत होतं ते बाकड्याला माहीत नव्हतं. संदेशचा डावा गुडघा गेलेला होता. पूर्ण वेळ खेळला की रात्री नारळाएवढा सुजायचा. मी मीठ-हळदीचा शेक देत बसायचे, आणि तो दात आवळून सांगायचा, "कुणाला बोलू नको हं."

कुणाला म्हणजे कुणाला? तांबेसाहेबांना. तेच तांबेसाहेब, ढोलकीवाले. संदेश एसी टेक्निशियन, आणि तांबेसाहेब त्याचे सुपरवायझर. जुफैरच्या उंच इमारतींच्या गच्च्यांवर शिडी लावून वर चढायचं, हे त्याचं रोजचं काम. आदल्या वर्षी कंपनीतल्या एकाची पाठ धरली. शिडी चढता येत नाही असं कळलं आणि महिनाभरात त्याचा व्हिसा कॅन्सल. तांबेसाहेबांनी स्वतः त्याला विमानतळावर सोडलं, खजुराचा डबासुद्धा दिला. माणूस वाईट नाही हो. पण रिपोर्ट वर पाठवायची वेळ आली की पाठवतात. माझा आणि आमच्या लेकीचा, इराचा, व्हिसा संदेशच्या नोकरीवर. म्हणजे आमचं घर, तिची शाळा, माझी अदलियातली शिवणकामाची नोकरी, सगळं एका गुडघ्यावर उभं होतं.

"मग खेळतोस कशाला मेल्या?" असं मी किती वेळा विचारलं. त्याचं उत्तर एकच. "सोडलं तर साहेब विचारतील, का सोडलंस. काय सांगू?" आणि खरं सांगायचं तर बॉल दिसला की त्याला राहवायचं नाही. ते मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं.

परकारभाईंना गुडघ्याचं कुणी सांगितलं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. ते आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायचे, एकटे. बायको गावाला. एका शनिवारी मी भाजी घेऊन येत होते, तर दारात स्टूल टाकून कांदा चिरत बसलेले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बाय, काल उशीर झाला मला काढायला. आज तुझा नवरा जिना चढला, तर एक पाय जोरात आणि एक पाय चोरून."

मी भाजीची पिशवी खाली ठेवली. म्हटलं, "परकारभाई, तुम्ही कुणाला..."

"मी स्टोअरवाला माणूस," ते म्हणाले. "माझ्याकडे आलेला माल चिठ्ठीशिवाय बाहेर जात नाय." आणि चिरलेला कांदा ताटलीत लोटला. मी जिना चढायला लागले तशी मागून हाक मारली. "आणि उगाच फोनकडे बघत बसू नको. इथं फोन आला नाय म्हणजे सगळं बरं चाललंय."

मी दिवसभर फोनकडे बघत बसते हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. पण खरं होतं. शिवणयंत्राशेजारी फोन उलटा ठेवायचे, तरी डोळा तिकडेच. अनोळखी नंबर आला की वाटायचं, शिडीवरून पडला. नाहीतर ऑफिसात बोलावलं. इरा म्हणायची, "ममा, यू वरी टू मच." तिला काय कळतंय.

त्या हंगामात आम्ही फायनलला पोचलो. समोर केरळवाले. बरोबरी चाललेली, सेकंड हाफ, संदेश नुसता उसळत होता. आणि परकारभाईंनी हात वर केला. "यल्ला, चल रे, आता घरी." मैदान पेटलं. पाण्याच्या बाटल्या आत आल्या. संदेश बाहेर आला, आणि थोड्या वेळाने केरळवाल्यांनी गोल मारला. खलास.

तांबेसाहेबांनी ढोलकी घेतली आणि थेट परकारभाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"गोल मारी त्याला काढी, न्याय कुठला सांगा हो,
जवाब नसेल परकारभाई, मैदानभर रांगा हो!"

ओळ पुन्हा पुन्हा उठत होती. सगळे जवाबाची वाट बघत होते. परकारभाईंना जवाब येत नव्हता असं नाही. लहानपणी गावच्या जाखडीत ते ढोलकीच्या शेजारी बसून वाढलेले, अर्धी गाणी तोंडपाठ. एका ओळीचं काम होतं. पण ती ओळ ऐकणार कोण? संदेशचा सुपरवायझर. मी मागेच उभी होते. मनात म्हणत होते, बोलू नका हो, एवढं ऐकून घ्या. केवढा स्वार्थ. पण त्या घडीला मला दुसरं काही सुचत नव्हतं.

परकारभाईंनी टॉवेलने तोंड पुसलं, रिकामे कॅन गोळा केले, आणि गेले. सवाल अंगावर राहिला.

पुढच्या मीटिंगमध्ये त्यांना काढलं आणि तांबेसाहेबांना मॅनेजर केलं. परकारभाईंनी मैदानाच्या बुकिंगचा नंबर आणि बर्फवाल्याचा पत्ता नीट समजावून सांगितला. वर म्हणाले, "बर्फ आधी पैसे देऊन घेऊ नका, निम्मं पाणीच देतो."

आता संदेशला कोण बाहेर काढणार? तांबेसाहेब पहिल्याच मॅचला म्हणाले, "संद्या, आज पूर्ण खेळायचं. लोकांना दाखवू." स्वतःच्या सुपरवायझरला नाही कसं म्हणणार? परकारभाई त्या दिवशी आमच्यात, दोरीच्या या बाजूला उभे होते. नजर नेहमीसारखी खाली. सेकंड हाफ सुरू झाला आणि ते पुटपुटायला लागले, "काढा त्याला. आता काढा." मग मोठ्याने. "तांबे, काढा त्याला!" लोक हसले. एकजण म्हणाला, "बघा, सवय जात नाय म्हाताऱ्याची." मीही ओरडले, "काढा हो!" माझ्याकडे बघून तर जास्तच हसले.

तेवढ्यात संदेशचं पाऊल वाकडं पडलं. पडला नाही, पण मी बघितलं, त्याने वजन उजव्या पायावर घेतलं. बॉल पुन्हा त्याच्याकडे येत होता. परकारभाईंनी दोरी वर केली आणि चालू मॅचमध्ये आत शिरले. धावत नाही, बाजारात चालल्यासारखे. मैदानाच्या मध्यावर जाऊन खाली वाकले आणि मातीत इकडेतिकडे बघायला लागले. रेफरीने शिट्टी वाजवली, धावत आला, इंग्रजीत ओरडला. परकारभाई हिंदीत म्हणाले, "साहब, मेरी चप्पल खो गई है. वही ढूंढ रहा हूँ."

दोन्ही टीमचे लोक हसून हसून बसले. तांबेसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. रेफरीने लाल कार्ड दाखवलं, ते परकारभाईंनी वाकून, नीट निरखून बघितलं, तर आणखी हशा. आणि त्या गोंधळात संदेश हळूहळू चालत बाकड्यावर येऊन बसला. तो लंगडतोय हे कुणीही पाहिलं नाही. मी पाहिलं, आणि परकारभाईंनी मैदानातून वळून एकदा पाहिलं.

लीगवाल्यांनी परकारभाईंना मैदानावर यायलाच बंदी केली. संदेशने त्यानंतर खेळणं सोडलं. बायको सोडत नाही असं सगळ्यांना सांगितलं, आणि मी कजाग ठरले. ठरू दे. सुट्टीत गावी जाऊन गुडघ्याचा इलाज करून आला. परकारभाई शुक्रवारी संध्याकाळी दारात स्टूल टाकून बसायचे. मैदानावरची ढोलकी वाऱ्याबरोबर ऐकू यायची. मी एकदा विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटत?" ते म्हणाले, "वाटतं तर. पण बाय, हसणारा माणूस दुसरीकडं बघत नाय. ते बरं असतं." पुढच्या वर्षी ते कायमचे गावी गेले. जाताना ते स्टूल आम्हाला दिलं.

मग एक दिवस परकारभाई वारल्याची बातमी क्लबच्या ग्रुपवर आली. सकाळची नमाज पढून ओटीवर बसले, ते उठलेच नाहीत. त्या शुक्रवारी मॅचआधी सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग प्रेमानेच, कुणीतरी हळू आवाजात ती ओळ धरली, चप्पल का हरवली हो. लोक ओल्या डोळ्यांनी हसत होते. तांबेसाहेब ढोलकी वाजवत होते.

संदेश माझ्या शेजारून पुढे निघाला. मी त्याचा शर्ट धरला. म्हटलं, "अरे, साहेब आहेत."

"म्हणूनच," तो म्हणाला. "परकारभाईंच्या अंगावर सवाल ठेवून मी गप्प बसणार नाही." आणि ढोलकीसमोर जाऊन उभा राहिला. त्याला गाता येत नाही. बेसूर, बोलल्यासारखंच म्हणाला:

"बॉल बघाया शंभर डोळे, गुडघा बघाया एक हो,
त्याने काढलं म्हणून शिकते शाळेत माझी लेक हो."

आणि त्याने पॅन्ट वर करून डाव्या गुडघ्यावरची टाक्यांची खूण दाखवली. ढोलकी थांबली. तांबेसाहेब गुडघ्याकडे बघत राहिले. जाखडीत ओळ म्हटली की मागच्यांनी ती उचलायची असते. कुणी उचलेना. आमच्याकडे बायका जाखडीत गात नाहीत. तरी मी उचलली. मग मागून इराचा आवाज आला. शब्द तिला अर्धेच येत होते. मग हळूहळू सगळ्यांनीच धरली. तांबेसाहेबांचा हात हवेत तसाच होता. शेवटी थाप पडली.

थाप मैदानावरची, शनिवारची ड्युटी वेगळी. संदेश सकाळी गेला, आणि मी शिवणयंत्रापाशी फोन सरळ ठेवून बसले. दुपार झाली. फोन आला नाही. दुकान बंद करून घरी आले, कणीक मळली, तरी फोन नाही. परकारभाईंचं वाक्य मी स्वतःला सांगत होते, पण ते त्यांच्या तोंडूनच खरं वाटायचं.

मग जिन्यात पावलं वाजली. खालच्या मजल्यावर ऐकायला आता कुणी नाही, म्हणून मीच दाराशी उभी राहून ऐकली. दोन्ही पाय सारखे पडत होते.

"काय म्हणाले साहेब?"

"काही नाही," संदेशने बूट काढले. "मी वर पोचेपर्यंत खाली शिडी धरून उभे होते. नजर पायांवर."