अर्ध्या घटाचं टक्कल

आता या फजितीला कुठून हात घालू? पण चहा संपेपर्यंत ऐकाच. आपल्या घरात सगळे शहाणे आहेत, असं समाधान तरी वाटेल तुम्हाला.

यंदा नवरात्रात आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा घट बसवला. सासूबाईंनी सायखेड्याहून शेतातली काळी माती आणली, तिच्यात गहू पेरले, मधोमध कलश ठेवला आणि द्राक्षाच्या छाटणीसाठी गावी परतल्या. जाताना बजावलं, "पूनम, घट हलवायचा नाय. तो उगवंल तसं घराचं वरीस जातं."

त्याच संध्याकाळी लेक म्हणाली, "मम्मा, उद्या शाळेत मातीचे प्रकार न्यायचेत, तक्त्यासकट. लाल, काळी, वाळूची."

"हे आत्ता सांगतेस?"

"तुझ्या ग्रुपवर आलं होतं."

लाल माती कुंड्यांसाठी आणलेली होती. वाळू समोरच्या बांधकामावर मिळाली. काळी? ती अख्ख्या घरात एकाच जागी होती. देवीची माफी मागितली, कलशाला धक्का न लावता डावीकडची माती चमच्याने बरणीत भरली, तिथे लाल माती दाबली आणि वर झेंडू पसरला.

उजवीकडे गव्हाचे हिरवेगार कोंब आले. डावीकडे टक्कल.

लेकीच्या तक्त्यावर मीच लिहून दिलं होतं : लाल मातीत पाणी टिकत नाही. मग काय, घाल पाणी, घाल पाणी. पाणी देवघरातून हॉलमध्ये आलं, कोंब काही आला नाही. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना फक्त उजवी बाजू दाखवायची आणि रात्रभर विचार करायचा, डावीकडे नेमकं काय असेल? यांची नोकरी? लेकीची तब्येत?

अष्टमीला सासूबाई स्वतःच आल्या. झेंडू बाजूला केला आणि मटकन खाली बसल्या. "अर्धं घर उगवलंच नाय गं माय. काय चुकलं आपलं?" त्यांचे डोळे भरले.

तेवढ्यात लेक शाळेतून आली. हातात बरणी, आत झाकणाला टेकलेले गव्हाचे कोंब. "टीचर म्हणाल्या, माती आणायला सांगितली होती, शेत नाही."

मातीबरोबर पेरलेले गहूही गेले, हे एवढं शिकूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

सासूबाईंनी बरणीकडे पाहिलं, मग घटाकडे, मग माझ्याकडे. शेवटी बरणीला हळदकुंकू वाहिलं.

"पोरीचं वरीस लय झ्याक जाणार," त्या म्हणाल्या. "ही डावी बाजू तेवढी तुझ्या डोक्याची."