नळ कंपनीचा, आग गावाची

घासलेटच्या डेपोत नोकरी केलेली दोन माणसं एकत्र बसली की तिसऱ्याला तोंड उघडायला मिळत नाही. प्रत्येकाच्या पोतडीत एक गळती, एक साहेब आणि एक भडका असतोच! आम्ही हसत हसत सांगतो, पण खरं सांगू? सांगता सांगता माझं डोकं आजही तापतं.

मी नंदुरबार स्टेशनाजवळच्या डेपोत पंपावर होतो. तेलाच्या वाघिणी सायडिंगला लागायच्या आणि तिथून लोखंडी नळातून तेल आमच्या टाकीत यायचं. आधी नुसतं घासलेट, पुढे लढाई लागल्यावर पेट्रोलही. नळ जायचा रस्त्याखालून, शेतातून, लोकांच्या अंगणाला लागून. तोही वीतभर मातीखाली!

*

रस्त्यावरून दिवसभर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जायच्या. आम्ही मॅनेजरसाहेबांना म्हणालो, "नळ खोल घाला, नाहीतर वर दगडी फरशी तरी टाका."

साहेब म्हणाले, "लोखंड आहे ते, काकडी नाही!"

व्हायचं तेच झालं. चाकांच्या धक्क्यांनी सांधा निखळला, तेल जमिनीत मुरलं आणि शेजारच्या धोंडू पाटलांच्या विहिरीला घासलेटचा वास सुटला. पाटील तांब्या घेऊन ऑफिसात आले. "साहेब, प्या बरं!"

साहेबांनी नाक मुरडलं. "जाईल वास, हळूहळू."

"मंग तवलोंग तुम्हना इहिरनं पानी आम्हले द्या!"

दुसऱ्या दिवशी पाटलांच्या घरच्या सगळ्या बायका हंडे घेऊन साहेबांच्या बंगल्यात हजर! तेव्हा कुठे नळ उकरायचा हुकूम सुटला. विहीर नासली तेव्हा नाही हं, बंगल्यात गर्दी झाली तेव्हा!

*

उकरल्यावर तरी नवा नळ घालावा ना? छे! आमचे फिटर दगडूआप्पा. त्यांना हुकूम मिळाला, गोणपाट गुंडाळा आणि वरून पट्टी आवळा.

आप्पांनी आवळली. साहेब लांबूनच ओरडले, "काय, चालतंय ना?"

"साहेब, गळी ऱ्हायनं."

"गळतंय म्हणजे आत तेल आहे. तेल आहे म्हणजे चालतंय!"

*

एका उन्हाळ्यात नळाच्या पट्ट्यावर लग्नाचा मांडव उभा राहत होता. खाली नळ आहे हे मांडववाल्याला कळणार कसं? ना खूण, ना खांब. त्यानं पहार मारली आणि घासलेटची चिळकांडी थेट वरबापाच्या फेट्यावर!

मी धावत गेलो तर माणसं हंडे, बादल्या, परातीसुद्धा घेऊन जमलेली. आणि चार हातांवर आचाऱ्याची चूल धडधडतेय! मी सायडिंगकडे हात करून पंप बंद करायला ओरडलो आणि चुलीवर माती लोटली. वरण गेलं. वरबाप अंगावर आला, "मन्ही पंगतनी नासाडी करी दिधी तू!"

मी म्हणालो, "काका, पंगत जाऊ द्या, वऱ्हाड वाचलं!"

त्यांचा राग मी समजू शकतो. पण साहेबांनी काय करावं? 'कंपनीचा नळ फोडला' म्हणून मांडववाल्यालाच चौकीवर बसवलं! खुणेचे खांब लावा, असं मी म्हणालो तर मला उत्तर मिळालं, "खांब लावले तर लोकांना कळेल ना नळ कुठे आहे!"

*

मग मोठे साहेब तपासणीला आले. गोरे, उंच, तोंडात सिगार. सरळ गळक्या सांध्यावर जाऊन वाकले. आम्ही सगळे चार पावलं मागे!

दगडूआप्पांनी पुढे होऊन साहेबांच्या तोंडातली सिगार चक्क उपटली आणि लांब नेऊन विझवली. मॅनेजरसाहेब पांढरे पडले. मोठे साहेब कडाडले, "हा काय उद्धटपणा?"

आप्पांनी कुंपणावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. 'येथे विडी-सिगारेट ओढू नये.' पाटी इंग्रजीत होती. सगळ्या डेपोत ती वाचता येणारी माणसं दोन, आणि सिगार ओढणारा त्यातलाच एक!

*

आता जमनाबाईचं ऐका.

तिचं घर डेपोच्या आधीचं. नवरा जिनिंगमध्ये, घरात दोन लहान पोरं. तिच्या घरामागे गटार खणायचं काम निघालं. एका मजुराचा टिकाव नळावर खणकन बसला. त्यानं मुकादमाला सांगितलं. मुकादम म्हणाला, "फुटला का? नाही ना? मग बुजव!"

नळाला खोल पोचा आला होता. आम्हाला कुणीही कळवलं नाही. एक शब्द सांगितला असता तर आम्ही पंप लावलाच नसता!

संध्याकाळी पेट्रोलची वाघीण लागली. जोर आला तसा पोचा उकलला. घासलेट निदान भडकायला वेळ घेतं, पेट्रोलची वाफ मात्र जमिनीलगत सरपटत जाते. गटारातून ती जमनाबाईच्या घरात शिरली. बाईनं चूल पेटवायला काडी ओढली.

तिनं दोन्ही पोरांना पेटत्या दारातून बाहेर फेकलं. पोरं वाचली. तीही वाचली, पण हात कोपरापर्यंत भाजले. घराची राख झाली.

चौकशी डेपोच्या ऑफिसात बसली. नळावर घाव घालणारे बाहेर उभे, आणि आत बोलावलं कुणाला? जमनाबाईला! दोन्ही हातांना बोटांपासून कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्या, नवऱ्यानं खांदा धरलेला.

चौकशीवाल्या साहेबांनी विचारलं, "इतक्या जवळ तेलाचा नळ असताना तुम्ही चूल का पेटवलीत?"

ती जराही घाबरली नाही. "साहेब, मन्ही चूल मन्हा घरमा व्हती. तुम्हनं पेट्रोल मन्हा घरमा काय कराले घुसनं व्हतं?"

साहेबांनी समोरचा जबाबाचा कागद सरळ केला, घसा खाकरला आणि कारकुनाला म्हणाले, "बाईंचा अंगठा घ्या."

कारकुनानं शाईची डबी उघडून पुढे सरकवली.

जमनाबाईनं पट्ट्यांत गुंडाळलेले दोन्ही हात टेबलावर ठेवले.